घरासाठी इंटरनेट जोडणी निवडताना

(भाषणाचा मजकूर)

वडोदरा शहरात मांडवीपासून दांडिया बाजारापर्यंत कोणी पायी निघाला, तर दुकानांच्या फळ्यांवर, भिंतींवर आणि खांबांवर इंटरनेट योजनांच्या जाहिराती त्याच्या दृष्टीस पडल्याखेरीज राहत नाहीत. प्रत्येक जाहिरातीत एक मोठा आकडा असतो आणि त्याखाली त्याहून लहान अक्षरांत किंमत असते. पाहणाऱ्याची समजूत अशी होते की, आकडा जितका मोठा तितकी सोय अधिक आणि किंमत जितकी लहान तितका लाभ अधिक. या दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. त्या अर्धवट समजुतींवर विसंबून केलेल्या निवडीमुळे अनेक कुटुंबे गरजेपेक्षा अधिक पैसे देतात. त्याउलट काही घरांतील मुलांना ऐन अभ्यासाच्या वेळी तुटक्या जोडणीपुढे ताटकळत बसावे लागते. यास्तव घरासाठी योजना कशी निवडावी, या विषयाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

वडोदऱ्याचा जुना धडा

या विचारासाठी वडोद्याचेच उदाहरण घेणे उचित ठरेल. कारण ज्ञान लोकांच्या दारापर्यंत नेण्याचा मोठा प्रयोग याच भूमीत झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत अक्षरओळख झालेल्या माणसाला पुढे वाचावयास काही मिळाले नाही, तर ती ओळख पुसली जाते, हे जाणून त्यांनी ग्रंथालयांकडे लक्ष वळविले. विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना १९१० साली पाचारण करण्यात आले आणि संस्थानाचे स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे राहिले. बॉर्डन १९१३ साली परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे कार्य पुढे नेले. खात्याच्या वतीने निघणाऱ्या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे.

या व्यवस्थेतील दोन गोष्टी आजच्या विषयाशी निकटचा संबंध राखतात. पहिली, फिरत्या ग्रंथालयाची. १९११ पासून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. मध्यवर्ती ग्रंथालयात हजारो ग्रंथ असले, तरी गावास धाडावयाच्या पेटीत मोजकीच पुस्तके मावत. म्हणून ती त्या गावाच्या उपयोगाची असणे महत्त्वाचे होते. दुसरी गोष्ट खर्चाची. स्थानिक ग्रंथालयासाठी लोकांनी जेवढी वर्गणी जमवावी, तेवढीच भर पंचायतीने आणि तेवढीच संस्थानाने घालावी, असा नियम होता. ज्याने वर्गणी दिली, तो हिशेबही विचारी.

गरजेप्रमाणे निवड आणि दिलेल्या पैशाचा हिशेब, ही दोन सूत्रे घरच्या इंटरनेट जोडणीलाही जशीच्या तशी लागू पडतात. बाकीचा तपशील या दोन सूत्रांतूनच निघतो.

वेगाचा आकडा काय सांगतो

भारतात सर्वसामान्य ग्राहकासाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्या वेळी टेलिफोनच्या तारेवरून अतिशय मंद गतीने माहिती येई. पुढे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट ठरविला. २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट झाला आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आला. आज बाजारात ३०, १००, ३०० मेगाबिट अशा योजना मिळतात. हे आकडे समजून घेताना तीन खुणा ध्यानी ठेवाव्यात.

पहिली खूण 'बिट' आणि 'बाइट' यांतील भेदाची. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात. फोनमधील फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला १०० नव्हे, तर साडेबारा मेगाबाइट आणते. ३०० मेगाबाइटचा एक ध्वनिचित्रित पाठ उतरवून घेण्यास ३० मेगाबिटच्या जोडणीवर ८० सेकंद लागतात आणि १०० मेगाबिटच्या जोडणीवर २४ सेकंद. हा फरक खरा आहे. परंतु त्यासाठी दरमहा किती पैसे मोजावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरी खूण 'पर्यंत' या शब्दाची. '१०० पर्यंत' असे लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, हमीचा नसतो. सायंकाळी सात ते दहा या वेळेत एकाच गल्लीतील अनेक घरे एकदम जोडणी वापरतात आणि वेग उतरू शकतो. म्हणून शेजारच्या ग्राहकास 'वेग किती आहे?' असे न विचारता 'रात्री आठ वाजता वेग किती असतो?' असे विचारावे. जाहिरातीपेक्षा या एका उत्तराने अधिक उलगडा होतो.

तिसरी खूण दिशेची. माहिती घरात येण्याचा वेग निराळा आणि घरातून बाहेर जाण्याचा वेग निराळा असू शकतो. चित्रपट पाहणाऱ्यास पहिला पुरेसा असतो. परंतु जी शिक्षिका आपला पाठ ध्वनिचित्रित करून विद्यार्थ्यांसाठी पाठविते, तिला दुसरा महत्त्वाचा. ६०० मेगाबाइटचा पाठ ५ मेगाबिटच्या वेगाने पाठविण्यास १६ मिनिटे लागतात. दोन्ही दिशांचे वेग योजनेत स्पष्ट लिहिले आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

घराची गरज कशी मोजावी

उदाहरणादाखल दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात राहणारे पाच जणांचे एक मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. सायंकाळी मुलगी दूरस्थ वर्गाला बसली आहे. त्यास सुमारे ४ मेगाबिट लागतात. आजी दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यावर इंटरनेटवरून कीर्तन पाहत आहेत. त्यास सुमारे ५. आई शाळेचे काम पाठवीत आहे. त्यास ३ धरावेत. वडील आणि मुलगा फोनवर बातम्या चाळत आहेत. त्यांचे मिळून २. सर्वांची बेरीज १४ मेगाबिट होते. गर्दीच्या वेळची उतरण आणि पाहुण्यांचे फोन ध्यानी घेऊन ती दुप्पट केली, तरी ३० मेगाबिटच्या आत भागते. अशा घराने ३०० मेगाबिटची योजना घेतली, तर तिचा मोठा भाग पडूनच राहील.

वेगाइतकीच महत्त्वाची दुसरी मोजणी एकूण वापराची. ५ मेगाबिटने येणारे चित्र एक तास पाहिले, तर सुमारे सव्वादोन गिगाबाइट माहिती खर्च होते. या कुटुंबात कीर्तन, मालिका मिळून रोज तीन तास धरले, मुलीचा वर्ग एक तास धरला आणि इतर कामे मिळविली, तर दिवसाला सुमारे १० आणि महिन्याला सुमारे ३०० गिगाबाइट लागतात. फोनच्या ज्या योजनेत दिवसाला दीड गिगाबाइट मिळते, ती याच चित्रासाठी अवघी चाळीस मिनिटे पुरेल. त्यामुळे अशा घराला तारेची जोडणी परवडते. उलट, एकट्या राहणाऱ्या आणि केवळ पत्रे, बातम्या, बँकेचे व्यवहार पाहणाऱ्या निवृत्त गृहस्थास फोनची योजनाच पुरेशी होते; त्याने शेजाऱ्याचे पाहून तार ओढून घेण्याचे कारण नाही.

'अमर्याद' असे म्हणविणाऱ्या घरगुती योजनांतही बहुधा एक मर्यादा असते. ठराविक गिगाबाइट वापरून झाले की, सेवा बंद पडत नाही, परंतु वेग एकदम उतरतो. ही मर्यादा किती आणि तिच्यानंतरचा वेग किती, हे दोन आकडे विचारून लिहून घ्यावेत.

किंमत वर्षाची पाहावी, महिन्याची नव्हे

जाहिरातीतील किमतीत अनेकदा कर धरलेला नसतो. इंटरनेट सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तसेच 'महिना' म्हणून जो काळ सांगितला जातो, तो काही योजनांत २८ दिवसांचा असतो. अठ्ठावीस दिवसांचे महिने वर्षात बारा नव्हे, तेरा होतात.

समजा, एका योजनेची किंमत ५०० रुपये, मुदत २८ दिवस आणि जोडणीचा खर्च कर धरून १,००० रुपये आहे. दुसरीची किंमत ५५० रुपये, मुदत पूर्ण महिना आणि जोडणी मोफत आहे. वरवर पाहता पहिली योजना ५० रुपयांनी स्वस्त आहे. परंतु कर धरून पहिलीचे ५९० रुपये तेरा वेळा द्यावे लागतात, म्हणजे ७,६७० रुपये होतात. जोडणीचा खर्च मिळविला की पहिल्या वर्षी ८,६७० रुपये होतात. दुसरीचे कर धरून ६४९ रुपये बारा वेळा, म्हणजे ७,७८८ रुपये. पहिल्या वर्षी 'स्वस्त' योजना ८८२ रुपयांनी महाग पडते, आणि त्यानंतरही वर्षाकाठी वाचतात ते अवघे ११८ रुपये. हा हिशेब पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. शिक्षकांनी तो वर्गात उदाहरण म्हणून घातल्यास मुले घरी जाऊन तो वडीलधाऱ्यांना सांगतील.

मुदतीच्या या प्रश्नाची दखल भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानेही घेतली. जानेवारी २०२२ मधील आदेशाने प्रत्येक मोबाइल कंपनीने किमान एक योजना तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारी ठेवावी, असे बंधन घालण्यात आले. ग्राहकाने ती मागितली पाहिजे.

सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते. परंतु सेवा निकृष्ट निघाली, तर पैसे अडकून पडतात. प्रथम एक महिना पाहावा, मग दीर्घ मुदतीचा विचार करावा. राउटर ग्राहकाच्या मालकीचा की कंपनीचा, अनामत ठेव किती, आणि जोडणी बंद केल्यावर ती कोणत्या रीतीने परत मिळते, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही.

वाड्याच्या भिंती आणि विश्वामित्रीचे पाणी

पुष्कळदा दोष योजनेचा नसतो, घराच्या रचनेचा असतो. जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाड असतात. राउटर ओसरीवर खुंटीस टांगला आणि मुलगी माजघरापलीकडच्या खोलीत बसली, तर तिच्यापर्यंत लहरी पोहोचता पोहोचता क्षीण होतात. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. दुसरा पट्टा अधिक वेगवान असला, तरी भिंतीपलीकडे पहिलाच अधिक दूर जातो. अशा घरात महागडी योजना घेण्याऐवजी राउटर घराच्या मध्यभागी उंचावर ठेवावा, किंवा दूरच्या खोलीपर्यंत तार न्यावी. वेग मोजताना एकदा तरी संगणक राउटरला तारेने जोडून मोजावा. तारेवर वेग बरोबर आणि खोलीत कमी, असे आढळले, तर दोष भिंतीचा समजावा. तारेवरही कमी आढळला, तर कंपनीस जाब विचारावा.

वडोद्याच्या रहिवाशांनी आणखी एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. ३१ जुलै २०१९ रोजी या शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी २५ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर आणखी सुमारे १० फूट चढले आणि अनेक वस्त्यांत वीज बंद राहिली. फायबरच्या तारेतून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. परंतु त्या तारेच्या घरातील टोकाशी असलेले उपकरण विजेवरच चालते. वीज गेली की जोडणी गेली. म्हणून नदीकाठच्या वस्तीत हे उपकरण तळमजल्यावर जमिनीलगत बसवू नये, आणि राउटरपुरती लहानशी बॅटरी जोडावी. तसेच घरातील सर्वांचे फोन आणि घरची जोडणी एकाच कंपनीची असू नये. एकीची सेवा ठप्प झाली, तर दुसरीवरून मदतीचा निरोप धाडता येतो. पुराच्या दिवशी हा निरोप केवळ सोयीचा उरत नाही, प्राणाशी गाठ असते.

तक्रारीचा मार्ग

सेवा बिघडल्यास काय करावे, हे जोडणी घेण्यापूर्वीच जाणून घ्यावे. २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीने तक्रार केंद्र चालविणे आणि प्रत्येक तक्रारीस क्रमांक देणे बंधनकारक आहे. हा क्रमांक लिहून ठेवावा. त्यावाचून पुढील पायरी चढता येत नाही. तक्रार केंद्राकडून समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. नियामक प्राधिकरण नियम घालून देते, परंतु एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः निवारीत नाही, हे अनेकांस ठाऊक नसते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेविषयीचे गाऱ्हाणे ग्राहक न्यायालयातही मांडता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलेला आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. फोनचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते. घरच्या इंटरनेट जोडणीला तशी सोय नाही. नवी जोडणी चालू होऊन आठ दिवस नीट चालल्याखेरीज जुनी तोडू नये.

गाव, शाळा आणि पंचायत

शहरात निवडीचा प्रश्न असतो; गावात पुष्कळदा एकच सेवा पोहोचलेली असते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिचाच भाग 'महानेट' म्हणून राबविला गेला. गावात तार कोठवर आली आहे, शाळेस जोडणी मिळाली आहे काय आणि मिळाली असल्यास ती चालू स्थितीत आहे काय, हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्याजोगे आहेत. बंद पडलेल्या जोडणीचा खर्च जमेस धरून विद्यार्थ्यांचा अभ्यास होत नाही.

ज्या घरांना स्वतंत्र जोडणी परवडत नाही, त्यांच्यासाठी सामायिक मार्ग उपलब्ध आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या 'पीएम-वाणी' योजनेप्रमाणे गावातील किराणा दुकानदार किंवा चहावाला स्वतःच्या जागी सार्वजनिक वाय-फाय केंद्र उघडू शकतो आणि त्यास त्यासाठी परवाना लागत नाही. गावच्या वाचनालयात एक चांगली जोडणी घेऊन चार संगणक ठेवले आणि तिचा खर्च वाचक, पंचायत व एखादी स्थानिक संस्था यांनी वाटून घेतला, तर वडोदरा संस्थानाच्या तिहेरी वर्गणीचीच ती नवी आवृत्ती ठरेल. संबंधित अधिकाऱ्यांनी अशा प्रयत्नास मार्गदर्शन करावे. शिक्षकांनी संगणकावर बसणाऱ्या मुलाजवळ काही वेळ बसावे.

निवडीची सहा सूत्रे

सारांशाने सांगावयाचे, तर योजना घेण्यापूर्वी सहा प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत : घरात एका वेळी किती जण वापरतात आणि कशासाठी, रात्री आठ वाजता शेजाऱ्याकडे वेग किती असतो, बाहेर पाठविण्याचा वेग किती, वापराची मर्यादा किती आणि तिच्यानंतरचा वेग किती, कर, जोडणीखर्च आणि ठेव धरून पूर्ण वर्षाची रक्कम किती, बिघाड झाल्यास दुरुस्तीस कोण येतो आणि किती दिवसांत येतो. शेवटच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देणारा स्थानिक सेवादार दहा-वीस रुपयांनी महाग असला, तरी पुष्कळदा तोच पत्करावा. कारण परीक्षेच्या आदल्या रात्री बंद पडलेल्या जोडणीची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

शंभर वर्षांपूर्वी वडोदरा राज्यातील खेड्यात ग्रंथपेटी येई. पेटीत किती पुस्तके आहेत, यापेक्षा त्यांतील किती वाचली गेली, यावरच तिचे सार्थक ठरे. आज तीच पेटी काचेच्या बारीक तंतूतून घरात आली आहे आणि तिच्यात जगातील सारी ग्रंथसंपदा सामावली आहे, असे म्हटले तरी वावगे होणार नाही. तिचा वेग कंपनी ठरविते, तिचे नियम सरकार ठरविते. परंतु ती कशासाठी उघडावयाची, हे त्या घरातील माणसेच ठरवितात. गरज ओळखून आणि हिशेब करून घेतलेली साधी जोडणीदेखील घरातल्या मुलीचा अभ्यास, आईचे काम आणि आजीचे कीर्तन बिनतक्रार चालवू शकते, आणि उरलेल्या पैशांत वर्षाकाठी चार चांगली पुस्तकेही घरात येऊ शकतात.